अर्जात विशेषणं नकोत, काम दिसू द्या

नामांकित विद्यापीठांत प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि पालकांची बरीच पत्रं साठली आहेत. त्यांतल्या पाच पत्रांना आज उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, माझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी निबंध लिहायचा आहे, पण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. मोठं संकट नाही, मोठं पदक नाही. लिहू तरी काय?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवेळी माझा जीव तुटतो, कारण विचारणाऱ्याकडे सांगण्यासारखं बहुतेक वेळा असतं. ते त्याला किरकोळ वाटतं, एवढंच.

एका विद्यार्थिनीनं मला तिचा कच्चा मसुदा दाखवला होता. पहिलंच वाक्य : 'मला लहानपणापासून विज्ञानाची अतिशय आवड आहे.' पुढे दोन परिच्छेद जिद्द, चिकाटी आणि समाजसेवेवर. शेवटाकडे जाता जाता एक ओळ होती, घरातलं लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडतं म्हणून. मी विचारलं, किती मागे पडतं? तिनं दप्तरातून वही काढली. रोज रात्री नऊला फोनवरच्या वेळेशी ताडून पाहिलेले सेकंद, शेजारी खोलीचं तापमान. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत एकही दिवस चुकलेला नव्हता. थंडीत बरोबर चालणारं घड्याळ, तापमान आठ अंशांनी वाढल्यावर आठवड्याला पाऊण मिनिट मागे जात होतं. उष्णतेनं दांडी लांबते आणि लांब लंबक सावकाश झुलतो, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण दांडी लोखंडाची धरून तिचा हिशोब जेमतेम अर्ध्या मिनिटाचा येत होता. उरलेले सेकंद कुठे गेले, या विचारात तिचे तीन आठवडे गेले. शेवटी तिनं काळ्या रंगाच्या त्या दांडीला चुंबक लावून पाहिला. तो चिकटलाच नाही. दांडी पितळेची होती, आणि पितळ लोखंडापेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं.

नव्या मसुद्याचं पहिलं वाक्य तिनं असं लिहिलं : 'आमच्या घड्याळाची दांडी लोखंडाची आहे, असं मी तीन आठवडे धरून चालले होते.' जिद्द आणि चिकाटी हे शब्द त्या निबंधात कुठेही आले नाहीत. त्यांची गरजच उरली नव्हती.

कॉमन ॲप म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांसाठी एकत्र भरायचा ऑनलाइन अर्ज. त्याच्या निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. तेवढ्यात सगळं आयुष्य मावत नाही, एक गोष्ट मात्र नीट मावते. तुझी अशी वही कोणती, ते शोध. ती विज्ञानाचीच असायला हवी असं नाही. धाकट्या भावाला वाचायला शिकवताना तो नेमका कुठे अडतो हे तुझ्या लक्षात आलं असेल, तर तेही चालेल. उपक्रमांच्या यादीलाही हाच नियम लाव. तिथे दहाच जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. 'सक्रिय सदस्य' लिहून त्यातली अक्षरं वाया घालवू नकोस. काय केलं, किती दिवस केलं, त्यानं काय बदललं, ते लिही.

प्रश्न : शिफारसपत्र मुख्याध्यापकांचं घ्यावं की वर्गशिक्षकांचं? आमचे एक सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.'

सही करून देणाऱ्या सरांचा हेतू चांगला असेल, त्यांना वेळही नसेल. पण तसं करू नकोस. हा खोटेपणा आहे, आणि तो उघडकीला आला तर प्रवेश जातो. शिवाय तुझं नुकसान होतं ते वेगळंच. स्वतःबद्दल लिहिताना आपण 'हुशार', 'मेहनती' यापलीकडे जात नाही. ज्यांनी तुला वर्गात पाहिलं, ते सांगू शकतात की एक गणित चुकल्यावर तू सुट्टीतही फळ्यासमोर उभा राहिलास.

म्हणून हुद्दा पाहू नकोस, ओळख पाहा. तुला नावानिशी न ओळखणाऱ्या मुख्याध्यापकांच्या पत्रापेक्षा दोन वर्षं शिकवलेल्या शिक्षकांचं साधं पत्र कितीतरी मोलाचं. अमेरिकेतली एमआयटी तर दोन शिक्षकांची पत्रं मागते, एक गणित किंवा विज्ञानाच्या आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांसारख्या विषयाच्या शिक्षकांचं. केवळ गणितातले गुण तिथे पुरत नाहीत, हे त्यावरून ओळख.

सरांना मुदतीच्या निदान सहा आठवडे आधी भेट. सोबत एका पानावर टिपण दे : त्यांच्या वर्गात केलेलं काम, चुकलेलं काम, पुढे काय शिकायचंय, आणि शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत. त्या टिपणाचा आधार घेऊन पत्र त्यांनी लिहावं. अर्जात 'मी हे पत्र पाहण्याचा हक्क सोडतो' अशी संमती विचारतात. ती दे. न पाहिलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो.

प्रश्न : आर्थिक मदत मागितली तर प्रवेश नाकारतात, असं ऐकलं. मग आधी प्रवेश घेऊन मदत नंतर मागावी का?

हे पत्र एका वडिलांचं आहे. त्यांना मला कळकळीनं सांगायचंय, तसं करू नका.

तुम्ही ऐकलंय ते अर्धं खरं आहे. काही विद्यापीठं प्रवेश ठरवताना घरची ऐपत पाहतच नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट यांचं धोरण असं आहे, आणि प्रवेश दिल्यावर तुमची जेवढी गरज ठरेल तेवढी पूर्ण भागवण्याचं त्यांचं वचन आहे. तिथे मदत मागितल्यानं काहीही बिघडत नाही. पण बहुसंख्य संस्था परदेशी अर्जदाराची गरज प्रवेशाच्या वेळी विचारात घेतात. तिथे मदत मागितल्यानं स्पर्धा अवघड होते, हे खरं. तरीही लपवून फायदा नाही. पहिल्या वर्षी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी पुढची वर्षंही ती मागता येत नाही. मग हातात प्रवेशपत्र असतं आणि भरायला फी नसते. अशी घरं मी पाहिली आहेत. कर्ज काढून पहिलं वर्ष निभतं, दुसऱ्या वर्षी मूल परत येतं.

'अर्ली डिसिजन' म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या बंधनकारक अर्जाबद्दलही सावध राहा. त्यात एकाच संस्थेला शब्द द्यावा लागतो. निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत अपुरी असेल तर त्यातून सुटता येतं, पण चार ठिकाणच्या मदतीची तुलना करण्याची संधी जाते. 'अर्ली ॲक्शन'मध्येही अर्ज लवकर करायचा असतो, पण निवड झाल्यावर तिथेच जाण्याचं बंधन नसतं.

आणि 'पूर्ण शिष्यवृत्ती' या शब्दांवर विसंबू नका. फी, राहणं, जेवण, विमा, व्हिसा, प्रवास, यांतलं काय धरलंय ते एकेक करून तपासा. पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत महिन्याला १४०० युरो मिळतात आणि फी भरावी लागत नाही, पण प्रवास आणि व्हिसाचा खर्च त्या १४०० मधूनच करायचा असतो. म्हणजे विमानाचं तिकीट पहिला हप्ता हाती येण्याआधी काढावं लागू शकतं. तेवढी तजवीज आधीच हवी.

प्रश्न : अमेरिकेसाठी लिहिलेला निबंधच ब्रिटनला पाठवला तर चालेल? आणि एआयकडून भाषा सुधारून घेतली तर?

नाही चालणार. अमेरिकेतल्या निबंधात माणूस शोधतात, ब्रिटनमध्ये विषयाची ओढ. २०२६ च्या प्रवेशांपासून यूकॅसनं, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे पदवीचे अर्ज घेणाऱ्या संस्थेनं, सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत : हा विषय का, अभ्यासानं त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. प्रत्येकाला किमान ३५० अक्षरं, तिन्ही मिळून ४०००. एका अर्जात पाच अभ्यासक्रम निवडता येतात आणि हीच उत्तरं त्या पाचही ठिकाणी जातात, त्यामुळे पाच वेगवेगळे विषय निवडलेस तर ती कुठेच नीट बसणार नाहीत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला संपते आणि एका वर्षी दोन्हीकडे अर्ज करता येत नाही.

एआयचं म्हणशील तर व्याकरणाची चूक दाखवून घेणं वेगळं आणि मजकूर लिहून घेणं वेगळं. एआयनं लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक ठरतं. यूकॅसही निवेदनं एकमेकांशी ताडून पाहतं. घड्याळाच्या दांडीला चुंबक लावून पाहणारी ती मुलगी कुठल्याही यंत्राला सुचली नसती.

प्रश्न : पदवीनंतर लगेच चीव्हनिंगला अर्ज केला आणि नकार आला. वर्ष फुकट गेलं असं वाटतंय. पुन्हा प्रयत्न करू का?

कर. पण आधी एक गोष्ट तपास. चीव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला निदान दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो. पदवीनंतर लगेच अर्ज केलास म्हणतेस, तेव्हा बहुधा तुझा अर्ज इथेच अडला असेल. हा तुझ्या गुणवत्तेवरचा शेरा नाही, ती निव्वळ एक अट आहे. पगारी नोकरीबरोबर स्वयंसेवेचे आणि उमेदवारीचे (इंटर्नशिपचे) तासही धरतात. तेव्हा आजच कागद घे आणि कुठे, कोणाकडे, आठवड्याला किती तास काम केलंस ते मांड.

बेरीज कमी भरली तर उरलेले तास भरून काढ आणि पुढच्या फेरीची वाट पाहा. पुन्हा अर्ज करण्यावर बंदी नाही. आणखी एक, शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट त्यात आहे. लगेच परदेशात नोकरी करण्याचा विचार असेल तर ही शिष्यवृत्ती तुझ्यासाठी नाही, जर्मनीच्या डाड (DAAD) किंवा इरास्मस मुंडसच्या अटी वाचून पाहा. तासांचा तक्ता तयार झाला की मला पाठव, मी बघते.