तिकीट कोणासाठी काढलं होतं?

वाचकांचे प्रश्न, वहीवाल्या ताईंची उत्तरं

ताई, मी ६६ वर्षांचा. निवृत्त झाल्यावर आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या सिनेमांची यादी करायला घेतली. जावयाने मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं. चार महिने खपून ८१२ नावं भरली. परवा त्यानं एक बटण दाबून दाखवलं, ‘तुम्ही सर्वांत जास्त पाहिलेले कलाकार’. पहिलं नाव इफ्तेखार! मी जन्मभर राजेश खन्नाचा माणूस. इफ्तेखारसाठी एक तिकीट काढलेलं नाही. घरात सगळे हसतात. अ‍ॅप चुकतंय का?
*– एक वाचक, ऐरोली*

अहो, अ‍ॅप चुकत नाहीये. घरच्यांना हसू दे, त्यांची यादी केली तर तिथंही असंच कोणीतरी निघेल.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये एकतीस वर्षं काढली. १९७६ साली एक लांबडी खतावणी अर्धी कोरी राहिली होती, ती साहेबांना विचारून घरी आणली आणि सिनेमे लिहायला लागले. तारीख, टॉकीज, सिनेमा, सोबत कोण, तिकीट किती, कामं कोणाकोणाची. १९९८च्या दिवाळीत पहिल्यांदा मोजदाद केली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. माझी खात्री होती की संजीवकुमार येणार. भाऊबीजेच्या आदल्या रात्री बेरीज लागली: इफ्तेखार ७१, संजीवकुमार ३८. दोनदा तपासलं. बेरीज चुकलेली निघावी असं नोकरीत मला कधी वाटलं नव्हतं, त्या रात्री वाटलं.

हिशेब साधा आहे. तुम्ही राजेश खन्नाचे सिनेमे पाहिलेत, पण मेव्हण्यानं ओढून नेलं म्हणून धर्मेंद्रचेही पाहिलेत, घरी आवड होती म्हणून शशी कपूरचे, आणि अख्खी चाळ निघाली म्हणून अमिताभचे. नायक एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात. पोलीस मात्र सगळ्यांच्याच गोष्टीत लागतो. तसाच डॉक्टर, वकील, नायिकेचा बाप. नायक बिचारा एका सिनेमात महिनोन्महिने अडकलेला, आणि ही मंडळी थोड्या दिवसांचं काम उरकून पुढच्या सेटवर हजर. इफ्तेखार ‘जंजीर’मध्ये पोलीस कमिशनर, ‘डॉन’मध्ये डीएसपी, ‘शोले’त जया भादुरीचे वडील. तुमच्या राजेश खन्नाचा १९६९चा ‘इत्तफाक’ आठवा, तिथंही तपासाला हेच. म्हणजे राजेश खन्नाचं तिकीट काढून तुम्ही इफ्तेखारच्या खात्यातही एक जमा केलीत, नकळत.

जगदीश राज यांचं तर विचारूच नका. १४४ सिनेमांत पोलीस झाले, गिनीज बुकात नोंद आहे. आणि गंमत बघा, ‘दीवार’मध्ये हे दोघेही हक्काचे पोलीस तस्करांच्या बाजूला. इफ्तेखार म्हणजे दावर, जगदीश राज त्याचा माणूस जग्गी. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला शेवटपर्यंत वाटत होतं की हे साध्या वेशातले आहेत, आता खिशातून ओळखपत्र काढतील.

तर आता असं करा. वहीत, अ‍ॅपमध्ये नाही, वहीतच, प्रत्येक सिनेमापुढे दोन रकाने आखा. एकावर लिहा ‘मध्ये’, दुसऱ्यावर ‘साठी’. ‘मध्ये’ म्हणजे सिनेमात कोण कोण होतं. ते अ‍ॅपनं भरलंच आहे. ‘साठी’ म्हणजे पाय घरातून कोणासाठी निघाले. तिथं एकच नाव लिहायचं. हा रकाना जगातलं कुठलंही अ‍ॅप भरू शकत नाही.

एक सांगून ठेवते, हा रकाना भरताना फार खरं बोलावं लागतं. माझ्या ‘साठी’त संजीवकुमार आला, पण १९वर थांबला. हेलन ११. हेलनसाठी मी अकरा वेळा गेले हे मलाच माहीत नव्हतं! ‘उकाडा’ ९. मे महिन्यात दुपारी पंख्याखाली जीव जायला लागला की सिनेमा कुठला हे न बघताच आम्ही आत शिरायचो, त्याला दुसरं काय लिहिणार? आणि १९८२पर्यंत सगळ्यांत जास्त वेळा तिथं लिहिलंय ‘दादा’. मी कमावती होते, तिकिटाचे पैसे माझे असायचे, पण संध्याकाळच्या शोला सोबत दादाची हवी आणि सोबत त्याची म्हटल्यावर निवडही त्याचीच. मारधाड, घोडे, परत मारधाड. मग १९८२च्या नोव्हेंबरात एक नोंद आहे: गणेश टॉकीज, मॅटिनी, सोबत – कोणी नाही, साठी – मी. सिनेमा अगदीच टाकाऊ होता.

मराठीचा हिशेब वेगळा ठेवा. तिथं माझ्याकडे दोन्ही रकान्यांत अशोक सराफच पहिले. नायक, मित्र, खलनायक, म्हातारा, सगळीकडे तेच. आणि ते आहेत म्हटल्यावर आम्ही जायचोही. असा दुसरा माणूस माझ्या वहीत नाही. ‘मध्ये’त त्यांच्या मागोमाग निळू फुले आहेत आणि मग आपले जयराम कुळकर्णी.

राजेश खन्ना तुमच्या ‘साठी’तही पहिला आला नाही, तर मला परत पत्र लिहा. घरी बोलू नका.

मलाही यादी करायची आहे, पण सुरुवात कुठून करू कळत नाही. आठवायला बसलं की तीच ती चाळीस नावं येतात.
*– एक वाचक, कोपरी*

सिनेमाचं नाव आठवायला बसूच नका. टॉकीज आठवा.

तुम्ही कोपरीच्या म्हणजे पहिलं पान ‘आनंद’चं. मग पुलापलीकडे या: अशोक, गणेश, प्रभात, वंदना, मल्हार. प्रत्येकीला एक पान. आजच्या मुलांना वंदना म्हटलं की एसटी स्टँड आठवतो, आपल्याला खुर्च्या आठवतात. त्या पानावर आधी सिनेमा लिहायचाच नाही. कोणत्या बाजूला बसलात, इंटर्व्हलला काय खाल्लं, कोण रडलं, घरी परतताना पाऊस होता का, हे लिहा. सिनेमा आपसूक मागून येतो. मला एक सिनेमा केवळ चप्पल तुटल्यामुळे सापडला. राम मारुती रोडवरून एका पायात चप्पल घालून आल्याचं आठवत होतं, मग का उशीर झाला होता, मग नऊचा शो, मग नाव.

दुसरं पान सुट्टीतल्या गावचं. तंबूतला सिनेमा तिथं जाईल. तिसरं दूरदर्शनचं: शनिवारी मराठी, रविवारी हिंदी.

एवढं झालं की मग वर्षवार याद्या घ्या. इंटरनेटवर मिळतात. माझ्यासारखी कागदाची सवय असेल तर ग्रंथालयात हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा हिंदी फिल्म गीत कोश आहे का विचारा. १९३१पासून दशकावार खंड आहेत, गाण्यांबरोबर कलाकारांची नावंही दिलेली आहेत. हातात पेन्सिल घेऊन एकेक वर्ष खाली उतरत जायचं.

इथंच घात होतो, म्हणून सांगते. नाव वाचलं की वाटतं, अरे, हा पाहिलाय! पाहिलेला नसतो. त्यातली दोन गाणी दूरदर्शनच्या छायागीत या गाण्यांच्या कार्यक्रमात पन्नास वेळा पाहिलेली असतात. माझा नियम असा की गाणी सोडून तीन प्रसंग सांगता आले पाहिजेत, आणि त्यातला एक शेवटच्या रिळातला हवा. नाही आले तर नाव पेन्सिलीनं आणि पुढे प्रश्नचिन्ह. या नियमानं माझे एकशे सहा सिनेमे गेले. जीव हळहळला, पण गेले.

आणि प्रदर्शनाचं वर्ष म्हणजे तुम्ही पाहिल्याचं वर्ष नव्हे. जुने सिनेमे मॅटिनीला फिरून फिरून यायचे. ज्या सिनेमाच्या नावाचे दोन-तीन सिनेमे आहेत, तिथं सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा, तारीख असते.

सोसायटीच्या गणपतीत पडद्याच्या मागच्या बाजूनं पाहिलेला सिनेमा धरायचा का? माझा भाऊ म्हणतो नाही. व्हिडिओ कोचमध्ये पाहिलेल्यांचं काय?
*– एक वाचक, वाशी*

धरायचा! भावाला सांगा, मागून पाहणाऱ्यानं जास्त कष्ट घेतलेत.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गल्लीत दोन बांबूंना पांढरा पडदा ताणायचे. पुढची जागा भरली की उशिरा आलेले मागे बसायचे. पडदा पातळ, चित्र आरपार दिसायचं, फक्त उजव्याचं डावं. नावं उलटी, दुकानांच्या पाट्या उलट्या, नायक डाव्या हातानं ठोसे मारणार, बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. चेंदणीला मी एक सिनेमा असा पाहिला आणि त्यातला नायक डावखुरा आहे असं पुढची सात-आठ वर्षं लोकांना सांगत होते. पुढे तोच सिनेमा टॉकीजमध्ये सरळ बाजूनं पाहिला. तो उजव्या हातानं सही करत होता. मला फसवल्यासारखं झालं. वहीत त्याच्या दोन नोंदी आहेत, एकीपुढे ‘मागून’ असं लिहिलंय.

व्हिडिओ कोचचं मात्र बघून ठरवा. ठाण्याहून निघालेल्या गाडीत कोकणात उतरेपर्यंत सिनेमा संपला असेल तर धरा. अर्ध्यावर तुमचा स्टॉप आला असेल तर अर्धा. माझ्याकडे असे चौदा अर्धे आहेत. मी त्यांचे सात करत नाही, अर्धेच ठेवते.

माझ्याकडे मल्टिप्लेक्सची तिकिटं साठवलेली आहेत, पण त्यावरची अक्षरं उडत चालली आहेत. लॅमिनेट करू का?
*– एक वाचक, घोडबंदर रोड*

थांबा! अजिबात करू नका. हे मी पोळलेल्या जिभेनं सांगतेय.

जुन्या टॉकीजचं तिकीट म्हणजे रंगीत, पातळ कागद. फाटेल, चुरगळेल, पण अक्षर राहतं. माझ्याकडची सत्तरच्या दशकातली गुलाबी अर्धुकं अजून वाचता येतात. आताचं तिकीट थर्मल कागदाचं असतं. त्यात शाई नसतेच. कागदावर एक थर असतो, तो उष्णतेनं काळा होतो, आणि प्रिंटर गरम होऊन अक्षर उमटवतो. नातवाबरोबर पाहिलेल्या पहिल्या सिनेमाचं तिकीट मी कौतुकानं झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करायला दिलं. मशीनमधून बाहेर आलं ते कोळशाच्या पाटीसारखं काळंकुळकुळीत, वर छान चकाकी. झेरॉक्सवाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. त्याची काही चूक नव्हती. ते तिकीट मी टाकलं नाही, वहीत चिकटवलंय, खाली तारीख लिहून.

आजच बसून सगळ्यांचे फोटो काढा, किंवा झेरॉक्स काढून वहीत लावा. मूळ तिकिटं कागदी पाकिटात, उन्हापासून लांब ठेवा. प्लास्टिकच्या खिशांतही ती लवकर फिकी पडतात. आणि फोटो काढला तरी मागे पेननं नाव-तारीख लिहाच.

मुलगी म्हणते वही सोड, लेटरबॉक्स्डवर ये. येऊ का?
*– एक वाचक, खारघर*

या की. मीही आहे. २०११ साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली साइट आहे, डायरीसारखी तारीखवार नोंद होते. एक्सेलमध्ये यादी असेल तर सीएसव्ही फाइल करून एकदम चढवता येते, सगळं एकेक करून टंकायला नको. तिथली नावं टीएमडीबी नावाच्या कोशातून येतात आणि तो कोश आपल्यासारख्यांनीच भरलेला. त्यामुळे जुन्या मराठी सिनेमाच्या पानावर दोन-तीनच नावं दिसली तर रागावू नका, खाते उघडा आणि उरलेली भरा. मी भरते. दुपारचा तास बरा जातो.

वही मात्र सोडू नका. उकाड्यासाठी तिथं रकाना नाही.

वेब सिरीज मोजायची का?
*– एक वाचक, कळवा*

नाही.

*दुरुस्ती:* गेल्या अंकात ‘शोले’तला सांबा म्हणून माझ्याकडून विजू खोटे यांचं नाव गेलं. सांबा मॅकमोहन, विजू खोटे म्हणजे कालिया. अकरा पत्रं आली, त्यातली चार ठाण्याचीच आणि एक माझ्या दादाचं, पोस्टानं, पाकिटावर माझं नाव पूर्ण लिहून. तो दोन गल्ल्या सोडून राहतो.