बँकांची ‘मक्तेदारी’ म्हणावी का?

प्रश्न असा आहे: देशातल्या बहुतेक ठेवी आणि कर्जं मोजक्या मोठ्या बँकांकडे जात असतील, तर त्याला ‘मक्तेदारी’ म्हणणं बरोबर आहे का? आणि रिझर्व्ह बँक करते ते ‘नियमन’ की ‘नियंत्रण’?

मी मक्तेदारी म्हणणार नाही. मक्ता हा अरबी मुळाचा, महसुली व्यवहारातला शब्द. जकातीचा मक्ता, आठवडी बाजाराचा मक्ता, तळ्यातल्या मासेमारीचा मक्ता. प्रत्येक ठिकाणी देणारा कोणीतरी असतो, घेणारा एकटा असतो आणि मुदत ठरलेली असते. ‘शहाणपणाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का?’ हे बोलणं झोंबतं ते यामुळेच. अर्थशास्त्राने पुढे एकट्या विक्रेत्याच्या बाजाराला मक्तेदारी म्हटलं. त्यातला एकटेपणा मात्र सुटला नाही.

बँकांचं तसं नाही. २०१७ साली सरकारी बँका २७ होत्या, एप्रिल २०२० पासून १२ आहेत, शिवाय खाजगी आणि सहकारी बँका वेगळ्याच. पाठ्यपुस्तकात अशा मोजक्यांच्या बाजाराला ‘अल्पाधिकार’ म्हणतात. शब्द अचूक आहे, पण बोलण्यात रुळलेला नाही. ‘केंद्रीकरण’ तर टाळाच. ते वाचलं की कारभार दिल्लीला गेल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे ‘एकवटणे’ हे सुरेख क्रियापद आहे. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. दादरला आमच्या शाखेची पाटी बदलली, आईच्या पासबुकावरचं नाव बदललं, आयएफएससी कोडही बदलला. आई अजूनही ‘देनात जाऊन येते’ म्हणूनच निघते. तीन बँका एका पाटीखाली आल्या, हेच एकवटणं. म्हणून सरळ लिहावं: ‘बँकिंगचा बाजार मोजक्या बँकांच्या हाती एकवटतो आहे.’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नियमन. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याखाली रिझर्व्ह बँक परवाना देते, अटी घालते, वेळ आली तर परवाना रद्दही करते. रोजचा कारभार मात्र बँकेचं संचालक मंडळच चालवतं. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा मालकीच सरकारकडे गेली. ‘नियंत्रण’ हा शब्द मी तिथे वापरेन.