एक्स-रेतली ती काळी रेघ

ताई, तुमचा ९ वर्षांचा मुलगा फुटाळ्याला सायकलवरून पडला, एक्स-रेत मनगटाशी हाडाच्या टोकाला आरपार काळी रेघ दिसते, आणि डॉक्टर म्हणतात फ्रॅक्चर नाही. मग ही फट कसली, असं तुम्ही विचारलंय. नागपुरात २२ वर्षं एक्स-रे काढतोय. ही रेघ दाखवून घाबरलेले आईबाप दर आठवड्याला भेटतात.

ती कूर्चा आहे. नाकाचा शेंडा दाबून बघा, तशीच लवचिक. एक्स-रेत ती उमटत नाही, म्हणून फट वाटते.

पोटात असताना हातापायांची हाडं आधी कूर्चेचीच असतात. सातव्या-आठव्या आठवड्यात मधोमध कूर्चेच्या पेशी फुगतात, मरतात, तिथे रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्यासोबत आलेल्या पेशी हाड रचू लागतात. टोकांचं हाड बहुतेक जन्मानंतर, वेगळं सुरू होतं. या दोघांच्या मधे कूर्चेची जी पट्टी उरते, ती ग्रोथ प्लेट. तिच्यात पेशींची नाण्यांसारखी चळत असते: टोकाकडे नव्या पेशी येतात, दांड्याकडच्या जुन्यांचं हाड होतं. हाताची लांबी अशी वाढते. रेडियसची (कोपर ते मनगट, अंगठ्याच्या बाजूचं हाड) तर ७५-८० टक्के वाढ मनगटाकडच्याच पट्टीतून होते. मुलींत ही पट्टी साधारण १६-१७ व्या वर्षी बुजते, मुलांत थोडी उशिरा. बुजवणारं मुख्य हार्मोन मुलांतही इस्ट्रोजनच, म्हणजे ज्याला बायकांचं हार्मोन म्हणतात तेच, हे ऐकून बरेच बाबा चमकतात!

कवटीचं वेगळं. तिथली चपटी हाडं कूर्चेशिवाय, थेट पातळ पडद्यासारख्या थरात तयार होतात. बाळाची टाळू म्हणजे त्या हाडांमधली न भरलेली जागा.

मनगटात ८ छोटी हाडं असतात, पण नवजात बाळाच्या एक्स-रेत बहुधा एकही दिसत नाही. ती ठरावीक क्रमाने उमटतात, म्हणूनच वयोगटाच्या स्पर्धांत पोरांचं वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढतात.

संत्री खाऊ घाला, हाडा-कूर्चेतलं प्रथिन कोलॅजन, त्याला व्हिटॅमिन सी लागतंच. पण त्याने रेघ भरणार नाही, आणि आत्ता भरायलाही नको.

एक मात्र बघा. ग्रोथ प्लेटलाही मार लागतो आणि तो पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. नेमकं त्या रेघेवर बोटाने हलकं दाबल्यावर मुलगा कळवळत असेल किंवा सूज उतरत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना लगेच परत दाखवा. गरज वाटली तर ते दुसऱ्या हाताचाही एक्स-रे मागतील. ते पैसे उकळणं नव्हे, तुलनेसाठी असतं.