डिझेल इंजिन ओळखायचंय? आधी अक्षरं वाच

नंबर पाठ करत बसू नकोस, इंजिनावर लिहिलेला क्लास वाच. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल; तिसरं अक्षर काम सांगतं. पी प्रवासी, जी मालगाडी, एम दोन्ही, एस यार्डातलं शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणं. माथेरानच्या मिनी ट्रेनच्या एनडीएम इंजिनातला एन मात्र दोन फुटी नॅरोगेजचा.

मग कान लाव. डब्ल्यूडीएम-३डी आल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातलं, ३,३०० अश्वशक्तीचं, फोर-स्ट्रोक. गाडी हलवताना टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) वेग घेईपर्यंत भसाभस काळा धूर सोडतं. मला तेच सर्वांत देखणं वाटतं! डब्ल्यूडीजी-४डी ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातलं, ४,५०० अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक. त्याची घरघर सलग, जड. मालगाडीला वेगापेक्षा ओढायची ताकद लागते, म्हणून ते तिथे.

आल्को आता झपाट्याने कमी होतायत, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून कर. आणि बघायचं ते प्लॅटफॉर्मवरूनच, रुळांत उतरून नाही.