थंडी यायच्या आधी बागेचं काय करायचं? तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, थंडी सुरू झाली तशी माझ्या जास्वंदीची खालची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. पाणी कमी पडतंय वाटून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागले तर अजूनच गळतायत. खत देऊ का?

उत्तर : खत अजिबात नको, आणि पाणी आजच्या आज थांबवा. थंडीत दिवस लहान, ऊन कोवळं, झाडाची वाढ मंदावलेली, पानांतून पाणी उडून जाणंही कमी होतं, मग मुळं पाणी ओढणार तरी किती? माती दिवसेंदिवस ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. कुजलेलं मूळ पाणी वर पोचवू शकत नाही, म्हणून झाड सुकल्यासारखं दिसतं, आणि आपल्याला वाटतं तहानलंय, की घाला अजून पाणी! कुंडीतली कितीतरी झाडं हिवाळ्यात थंडीने नाही, अशी पाण्यानेच जातात, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

माझी एक कुंडी अशीच गेली होती. झाड उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात यायची आणि आत नुसता दोरा राहायचा, वास तर कुबट. चांगलं मूळ पांढरट आणि टणक लागतं.

तर आता बोट दोन पेरं मातीत घाला, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तरच द्या, तेही सकाळी, आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. थंडीत जास्वंदीची थोडीफार पानं पिवळी पडतातच, त्याने घाबरू नका. शेंडे टवटवीत आहेत ना, मग झाड तग धरेल.

प्रश्न : आमच्याकडे रात्री पारा शून्याजवळ जातो. कुंड्या सगळ्या आत घ्यायच्या का?

उत्तर : सगळ्या नाही. तुळस, मनीप्लांट, जास्वंद ही उबेतली झाडं, रात्री 10 अंशांच्या खाली जायला लागलं की आत घ्या, उजेडाच्या खिडकीशी ठेवा. आत नेण्याआधी पानं उलटी करून बघा हं, पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात लपलेला असतो, आणि घरात आला की सगळ्या कुंड्यांवर पसरतो. मातीच्या रिकाम्या कुंड्याही आत घ्या, मातीत मुरलेलं पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं आणि कुंडीला तडा जातो.

बाहेर राहतील त्या कुंड्या भिंतीला लावून एकमेकींना खेटून ठेवा, कारण कुंडीला चारही बाजूंनी गारवा लागतो, जमिनीतल्या झाडाला तसा लागत नाही. बुंध्याभोवती 5 ते 7 सेंटिमीटर सुका पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला टेकवू नका, खोड कुजतं. दहिवर गोठायची शक्यता असेल त्या संध्याकाळी जुनी चादर टाका, काठ्या रोवून त्यांच्यावर, म्हणजे पानांना टेकणार नाही, आणि खाली जमिनीपर्यंत पोचली पाहिजे, कारण ऊब मातीतूनच वर येते. सकाळी ऊन आलं की काढा. आणि वर पाणी कमी करा म्हटलं तरी त्या दिवशी माती अगदी कोरडी ठणठणीत असेल तर दुपारी थोडं पाणी द्या, ओलसर माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते.

प्रश्न : थंडीआधी छाटणी करून टाकू का, म्हणजे बाग नीटनेटकी दिसेल?

उत्तर : नका करू. छाटलं की कोवळी पालवी फुटते आणि थंडीत पहिल्यांदा तीच करपते, खताचंही तेच. रोगट, वाळलेलं तेवढं काढा. करपलेले शेंडेसुद्धा राहू द्या, खालच्या फांद्यांना त्यांचा आडोसा होतो. थंडी ओसरली की नखाने साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, त्याच्या वरचंच कापा.