सोसायटीत हृदयाच्या अनियमित ठोक्यांबद्दल जनजागृती करायची आहे, ईसीजी कॅम्प ठेवला तर पुरेसं आहे का?

नाही, पुरेसं नाही. कॅम्पमधला ईसीजी म्हणजे साधारण 10 सेकंदांची पट्टी, तेवढ्यात ठोके नीट पडले की रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस निर्धास्त. एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हा ठोके अनियमित पडण्याचा आजार, सुरुवातीला बऱ्याच जणांना येऊनजाऊन असतं, ते तुमच्या कॅम्पची वेळ बघून येत नाही.

आमच्या बाबांचं हेच झालं. रोज सकाळी पर्वती चढणारा माणूस, अधूनमधून म्हणायचे छातीत फडफडतंय. ईसीजी काढला, नॉर्मल. पण घरच्या बीपी मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण यायची, ती मी काकांना दाखवली (आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा) तर म्हणाले सेल उतरले असतील. सेल बदलले, खूण परत आली, मग म्हणे गॅस आहे, ओवा दे. होल्टर करू, 24 तास अंगावर लावून ठोके नोंदवतात ते, असं मी म्हटलं तर "धडधाकट माणसाला पेशंट करू नकोस" असं सगळ्यांसमोर सुनावलं. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी बाबांच्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं, शब्द फुटेना. स्ट्रोक. हॉस्पिटलात मॉनिटर लावला आणि त्याच रात्री एएफ सापडलं. यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते, स्ट्रोकचा धोका साधारण 5 पट होतो. बाबा आता चालतात, बोलतात, पण बँकेत सही जुळत नाही म्हणून अंगठा द्यावा लागतो, हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून कार्यक्रमात नाडी बघायला शिकवा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट, आणि आकड्यापेक्षा ताल बघायचा. ठोके कसेही वेडेवाकडे लागले तर त्याच वेळी ईसीजी, तो नॉर्मल आला आणि त्रास चालूच राहिला तर होल्टरचा आग्रह धरा. पासष्टीच्या पुढचे, बीपी, शुगर, थायरॉइडवाले आधी.

आणि ॲस्पिरिनचं स्पष्ट सांगा. बाबा घरी आल्यावर काकांचं सुरू झालं, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, ॲस्पिरिन बास. रक्तस्रावाचा धोका खरा आहे, पण एएफमधल्या गुठळीला ॲस्पिरिन पुरत नाही आणि तिनेही रक्तस्राव होतोच. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, वेळच्या वेळी तपासायचा, नव्या गोळ्यांना ते लागत नाही, पण कोणाला कुठली हे कार्डिओलॉजिस्ट ठरवणार, काका नाही. मनाने बंद तर अजिबात करायची नाही.

हां, एखादा ठोका चुकला म्हणजे एएफ असं नाही, निरोगी माणसालाही तसं होतं. आणि नाडी आज नीट लागली म्हणजे सुटलो असंही नाही. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली तर वाट न बघता 108, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

काका अजूनही म्हणतात पर्वती चढून चढून झालं. तेवढ्या चालण्याने होत नाही, वाढतं वय, ताब्यात नसलेलं बीपी, वजन, दारू ही नेहमीची कारणं. हे कार्यक्रमात आवर्जून सांगा, नाहीतर लोक भीतीने फिरणंच बंद करतील.