लातुरात राहतो. घरच्या भाजीच्या सुरीला बारीक धार लावायला कोणता दगड घ्यावा?

एकच घ्यायचा असेल तर 1000 ग्रिटचा वॉटरस्टोन, म्हणजे पाणी टाकून वापरायचा दगड घ्या. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड बारीक. रोजच्या सुरीचं काम त्यावर भागतं. टोमॅटोची साल न दबता कापायची हौस असेल तर जोडीला 3000 ते 6000 चा.

गंजगोलाईत हार्डवेअरवाल्याकडचा दुहेरी कार्बोरंडम दगड स्वस्त, पण सहसा भरड. खुरपं, कोयता किंवा दाते पडलेल्या सुरीला ठीक.

खरी मेख हातात आहे. सुरी दगडाशी 15 ते 20 अंशांत तिरपी धरा, कोन हलू देऊ नका. एक बाजू इतकी घासा की दुसऱ्या बाजूच्या कडेला, टोकापासून मुठीपर्यंत, बोटाला बारीक खरखर लागेल. ती लागल्याशिवाय बाजू पालटायचीच नाही! दोन्ही बाजू झाल्या की हलक्या हाताने ती खरखर उतरवा. वॉटरस्टोनवर तेल मात्र टाकू नका, छिद्रं बुजतात.